गुडघाभर ब्राझील

"या की एकदा सगळे इकडे," हे वाक्य फोन ठेवताना म्हणायचं असतं. ते खरं धरून कोणी बॅगा भरायला घेत नाही, या एका भरवशावर आपल्याकडची नातीगोती टिकून आहेत. माझ्या पुतण्याची कंपनीने ब्राझीलला, साओ पावलोला बदली केली. दिवाळीत व्हिडिओ कॉल झाला तेव्हा त्याने सवयीने हे वाक्य म्हटलं. दुर्दैवाने त्या वेळी फराळाला माझे साडू हजर होते. ते मूळचे मालवणचे, त्यामुळे समुद्राचा विषय निघाला की बोलण्याचा पहिला मान आपला, असं ते धरून चालतात. तोंडातल्या चकलीसकट म्हणाले, "येतो की! बीच किती लांब तुझ्या घरापासून?"

"साओ पावलोला समुद्र नाहीये, काका."

चकलीचा आवाज थांबला. ब्राझीलला जाऊन समुद्राशिवाय माणसं करतात काय, हे आमच्यापैकी कोणालाच सुचेना. पुतण्याने समजावलं, की शहर पठारावर आहे, साडेसातशे मीटर उंचीवर. घाट उतरून सत्तर-एक किलोमीटर गेलं की सान्तोस बंदर लागतं, तिथे समुद्र.

"म्हणजे पुणंच की," मामा म्हणाले आणि निर्धास्त झाले. मामांना परदेश आवडतो, पण तो शक्यतो पुण्यासारखा असावा एवढीच त्यांची अट असते.

अशा रीतीने ठरलं. म्हणजे 'नाही' कोणी म्हटलं नाही. मी, बायको, मेहुणी, साडू, मामा आणि मामी. रात्री झोपेपर्यंत 'चलो ब्राझील' नावाचा ग्रुप निघाला होता, आणि त्यात साडूंनी सूर्यास्ताचा एक फोटोही टाकला होता. तो तारकर्लीचा होता.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी. आमच्या घराण्याचा समुद्राशी संबंध पोटरीपर्यंतच आहे. किनाऱ्यावर पोचलं की पँटी दुमडायच्या, सगळ्यांच्या चपला एकाने हातात धरायच्या (तो एक म्हणजे मी), बाकीच्यांनी रांगेत उभं राहून लाटेची वाट बघायची, लाट आली की किंचाळून चार पावलं मागे यायचं, आणि मग "चला, झालं" म्हणत भेळेच्या गाडीकडे वळायचं. पुढचा तासभर गाडीत वाळू कोणी आणली यावर चर्चा. साडू मालवणचे खरे, पण पोहता त्यांनाही येत नाही. "समुद्र बघायचा असतो, त्यात उतरायचं काम खलाशांचं," असं ते खास किनारपट्टीच्या अधिकाराने सांगतात. अशी सहा माणसं आता एका अशा देशात निघाली होती, जिथे जवळजवळ साडेसात हजार किलोमीटर किनारा आहे आणि तिथली माणसं त्यात खरोखर उतरतात.

बायकोने एक्सेल शीट केली. तिच्या हातात एक्सेल आलं की घरात ऑडिटर आल्यासारखं वातावरण होतं. हिरव्या रंगात 'ठरलं', पिवळ्यात 'बघू', लाल रंगात 'मामांना विचारा'. थोड्याच दिवसांत सगळी शीट लाल झाली.

मेहुणी भूगोल शिकवते. तिने पहिल्याच बैठकीत भिंतीवरचा नकाशा खाली उतरवून टेबलावर पसरला. साडूंनी बोट ठेवलं, "हे रिओ. इथून वर हे साल्वादोर, हे रेसिफे, हे नाताल, आणि इथून वळलं की फोर्तालेझा. वीतभर तर आहे. एक इनोव्हा केली की सकाळी निघून..."

"अहो, भारताच्या अडीच पट देश आहे तो," मेहुणी म्हणाली. "रिओ ते नाताल रस्त्याने अडीच हजार किलोमीटरच्या वर होतं."

"मग रात्री निघू."

कोकणात शाळेत 720 किलोमीटरचा किनारा पाठ करून मोठा झालेला माणूस. साडेसात हजार त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. उतरल्यावर मात्र ते थोडे दुखावल्यासारखे दिसले.

मग महिना. मेहुणीला सुट्टी मे महिन्यात. मे महिन्यात साल्वादोर आणि रेसिफेला पाऊस. दक्षिणेला फ्लोरिआनोपोलिस आहे, बेटावरचं शहर, किनारेच किनारे. पण मेपासून तिकडे थंडी सुरू होते, कारण विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे. मामींनी विचारलं, "म्हणजे स्वेटर घालून समुद्रावर जायचं?" डिसेंबर-जानेवारीत ऊन छान, पण सगळा ब्राझीलही तेव्हाच समुद्रावर येतो आणि हॉटेलवाले त्याचे पैसे आपल्याकडून घेतात. त्यात बायकोला लेन्सॉइस मारान्येन्सेस बघायचं होतं. ईशान्येला, समुद्रालगत पांढऱ्या वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या मधे पावसाचं पाणी साचून झालेली निळी-हिरवी तळी. 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं ते. तळी भरलेली बघायची तर जून ते सप्टेंबरच्या सुमारास जावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांतली बरीच आटत आलेली असतात. म्हणजे तळ्यांसाठी आधी पाऊस पडलेला हवा, समुद्रासाठी तो पडता कामा नये, आणि मेहुणीसाठी हे सगळं शाळेच्या वेळापत्रकात बसायला हवं.

"एवढा मोठा देश," मेहुणी चिडून म्हणाली, "एक ऋतू ठरवता येत नाही यांना?" आणि ही बाई मुलांना भूगोल शिकवते.

शंका फार झाल्या की पुतण्याला फोन. ब्राझील आपल्या साडेआठ तास मागे. आम्हाला शंका येतात सकाळी सातला, पहिल्या चहाबरोबर. तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. "काका, उद्या बोलू का?" तो म्हणायचा. "अरे, आमच्याकडे उद्या झालाच आहे," असं मामा सांगायचे आणि बोलणं चालू ठेवायचे.

हळूहळू प्रत्येकाचा एकेक किनारा ठरला, म्हणजे दुसऱ्याचा रद्द करण्यासाठी प्रत्येकाकडे एकेक कारण जमा झालं.

मामांना बुझिओस हवं होतं. रिओच्या पूर्वेला हे छोटं मासेमारांचं गाव. 1964 मध्ये तिथे ब्रिजित बार्दो येऊन राहिली आणि गाव जगाच्या नकाशावर आलं. आता तिथल्या समुद्राकाठच्या रस्त्याला तिचं नाव आहे आणि तिचा पुतळाही आहे. मामा इतिहासाच्या आवडीने हे सांगत होते. मामींनी एवढंच विचारलं, "आणि त्या मासेमारांचे पुतळे?" मामा म्हणाले, "तेही आहेत," आणि चष्मा पुसायला लागले.

मेहुणीला पाराची. जुनं पोर्तुगीज वळणाचं गाव, दगडी रस्ते, आणि भरती मोठी आली की समुद्राचं पाणी मुद्दाम ठेवलेल्या वाटांनी रस्त्यात शिरतं, रस्ते धुऊन परत जातं. "नगरपालिकेचं काम समुद्रच करतो," ती म्हणाली. आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर जुलैत पाणी शिरतं ते चार दिवस परत जात नाही, आणि ते बघायला कोणी तिकीट काढून येत नाही, हे मी नोंदवलं. नोंद पिवळ्या रंगात झाली.

माझं मन मोरो दि साओ पावलोवर होतं. साल्वादोरच्या दक्षिणेला बेटावरचं गाव. तिथल्या किनाऱ्यांना नावं ठेवायचा कोणी त्रास घेतलेला नाही: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पेठांना वारांची नावं देणाऱ्या गावच्या माणसाला हा सुटसुटीतपणा भावतो. गावात मोटार नाही. धक्क्यावर उतरलं की एकचाकी हातगाड्या घेऊन मुलं उभी असतात, गाड्यांवर 'टॅक्सी' लिहिलेलं. आपलं सामान त्यात टाकतात आणि चढावर ढकलत नेतात.

"माणूस बसू देतात का त्यात?" मामांनी विचारलं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत.

"सामान फक्त."

"मी काही बोलणार नाही, नुसता बसेन."

पण तिथे जायला साल्वादोरहून दोनेक तास बोटीने, तेही खुल्या समुद्रातून, आणि पोटातलं ढवळून निघतं अशी त्या बोटीची ख्याती. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना साडू रेलिंग सोडत नाहीत. मोरो लाल झालं.

रेसिफे तर पहिल्याच बैठकीत गारद झालं. शहरातला बोआ व्हिआजेमचा किनारा सुरेख, मैलोन्मैल, पण जागोजागी पाट्या: शार्कपासून सावध. बायकोने फोनवर पाटीचा फोटो दाखवला. वास्तविक घोटाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या कुटुंबाला शार्कने घाबरवण्याचं कारण नाही. तेवढ्या पाण्यात शार्कलाच संकोच वाटेल. पण साडू म्हणाले, "पाटी लावलीय म्हणजे काहीतरी असेल." हेच साडू 'वाहने उभी करू नयेत' या पाटीला टेकून गाडी लावतात.

त्यांचं स्वतःचं मन कशावर आहे ते शेवटी कळलं. किनारा नव्हेच. नातालजवळ पिरांजी नावाच्या गावात काजूचं एक झाड आहे. एकच झाड. फांद्या वाकून जमिनीला टेकतात, तिथे मुळं धरतात, पुन्हा वर येऊन पुढे सरकतात. असं करत करत त्याने सुमारे साडेआठ हजार चौरस मीटर जागा व्यापली आहे. साडूंनी कागदावर गणित केलं.

"दोन एकर! एका झाडाने?"

काजू मूळचा ब्राझीलचाच. पोर्तुगीजांनी गोव्यात आणला, तिथून तो आमच्या साडूंच्या परसात आला. त्यांच्या परसात काजूची सात झाडं आहेत आणि चुलतभावाशी त्यावरून कज्जा चालू आहे. त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न वनस्पतिशास्त्राचा नव्हता. "सातबारा कोणाच्या नावावर असेल हो याचा?" झाड रस्त्यावरही पसरलंय असं कळल्यावर तर त्यांचे डोळे लकाकले. "बघा! आणि आमचा भाऊ एक फांदी कुंपणाबाहेर गेली म्हणून नोटीस पाठवतो." त्या झाडासमोरचा फोटो काढून वकिलाला द्यायचा, हा त्यांच्या ब्राझील-यात्रेचा हेतू. नाताल हिरवं झालं. संपूर्ण शीटमधला पहिला हिरवा चौकोन.

मग खाणं. मामा-मामी शाकाहारी, साडू जे पोहतं ते सगळं खाणारे. साल्वादोरला रस्त्यावर पांढरे घेरदार झगे घातलेल्या बायका आकाराजे तळतात, हे बायकोने वाचून दाखवलं. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून, ताडाच्या लाल तेलात तळलेला वडा. मामींचा चेहरा उजळला. "चवळीचा वडा! मग काय प्रश्न आहे?" प्रश्न पुढच्या ओळीत होता: वडा मधे चिरून त्यात सुकट भरतात. मामांनी साल्वादोरपुढे फुली मारली आणि साडूंनी तिथे दोन रात्री वाढवल्या.

टॅपिओकाने थोडा समेट घडवला. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाच्या पिठाचं धिरडं ईशान्येला कुठेही मिळतं, आत ओलं खोबरं. कंदही मूळचा तिकडचाच. मामींनी लगेच पंचांग काढलं. आमच्या प्रवासात दोन एकादश्या येत होत्या. "बाकीच्या दिवशीही उपास धरता येईल," मामा उदारपणे म्हणाले.

त्यांना सर्वांत आवडली ती मात्र किलोवर जेवण मिळण्याची पद्धत. तिकडे असंख्य खाणावळींत ताट घ्यायचं, हवं ते वाढून घ्यायचं, काट्यावर ठेवायचं, वजनावर पैसे. मामा बँकेतून निवृत्त झालेत. त्यांनी बराच वेळ विचार केला. "ताटाचं वजन वजा करतात ना?" मग, "भाजी रस्सा गाळून घेऊ दिली तर?" मग शेवटी, समाधानाने, "पापड घ्यावेत. पापड भरपूर, आणि वजन काही नाही." तिकडे पापड नसतात हे त्यांना सांगायला कोणाचं धाडस झालं नाही. ते इथून न्यायचे ठरले.

पिवळ्या तापाच्या लशीचं प्रकरण याच सुमाराचं. ब्राझीलहून भारतात परतताना ही लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. दाखला नसला तर आपलंच सरकार आपल्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. "जेवणासकट?" साडूंनी विचारलं. मामांचा प्रश्न निराळा होता. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरं होतं. मामा केकसुद्धा बेकरीवाल्याची उलटतपासणी घेतल्याशिवाय खात नाहीत.

"डॉक्टर, ही बिनअंड्याची मिळते का?"

"नाही हो."

"मग तोंडावाटे नाही ना घ्यायची?"

"नाही, टोचायची."

"मग चालेल. पोटात गेली तरच मोडतं."

साठीच्या पुढच्या माणसांना ही लस द्यायची की नाही हे डॉक्टर नीट तपासून ठरवतात. मामांना आशा होती की आपल्याला नाही म्हणतील, आणि जन्मभर सांगता येईल की डॉक्टरांनी ब्राझील नाकारलं. पण दोघंही पास झाले. मामींची नाडी बघून डॉक्टर थांबले. "आजी, व्यायाम काय करता?"

"कसला व्यायाम? घरातलीच उठबस," मामी म्हणाल्या, आणि ओला अंबाडा पदराने झाकून घेतला. हल्ली मामी बैठकांना उशिरा येत आणि त्यांचे केस कायम ओले असत. थंडीत कशाला न्हायचं रोज, असं माझी बायको त्यांना बोललीही होती.

कपड्यांची बैठक मी फार वर्णन करत नाही. तिकडच्या किनाऱ्यावर पुरुषही लंगोटाच्या जवळपास जाणारं काहीतरी आवळ घालतात, हे पुतण्याने सांगितलं. साडूंनी गुडघ्याखाली येणारी, नारळाची झाडं छापलेली चड्डी आधीच घेऊन ठेवली होती. "ही घातली तर लोक बघतील का?" त्यांनी विचारलं. पुतण्या म्हणाला, "हो, तुम्हालाच बघतील." टॉवेलही न्यायचा नसतो म्हणे, तिथे पातळ कापडाची कांगा पसरून बसतात. मामा म्हणाले, "पंचा," आणि तो विषय तिथेच संपला.

नववर्षाच्या रात्री रिओत राहायचं का, यावरही एक सकाळ गेली. कोपाकबानाच्या चार किलोमीटर किनाऱ्यावर लाखो लोक पांढरे कपडे घालून जमतात, समुद्राच्या देवीला, येमांजाला, फुलं वाहतात, आणि मध्यरात्रीनंतर सात लाटांवरून उड्या मारतात. फुलं वाहण्याला सर्वांची मान्यता होती. नारळीपौर्णिमेचा सराव असल्याने साडूंनी नारळही सुचवला. सात लाटांचं मात्र अडलं. दोन लाटा साडू, दोन मेहुणी, दोन बायको, एक मी, अशी वाटणी करता येईल का याची विचारणा पुतण्याकडे झाली. त्याच्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. त्याने नुसता अंगठा पाठवला.

सुट्ट्या पैशांची चिंता त्याने आधीच मिटवली होती. तिकडे आपल्या यूपीआयसारखं पिक्स आहे, 2020 पासून. शहाळंवालासुद्धा कोड दाखवतो. साडू खूश. मग कळलं की ते वापरायला तिकडचा करदाता क्रमांक आणि बँक खातं असावं लागतं. "म्हणजे शहाळं प्यायला पॅन कार्ड," मामा म्हणाले. त्यांना हे पटलं. बँकेतल्या माणसाला कुठल्याही गोष्टीला केवायसी असलं की बरं वाटतं.

आणि अशा तऱ्हेने आम्ही नातालच्या बुकिंगपाशी आलो, कारण हिरवं तेवढंच होतं. नातालच्या उत्तरेला जेनिपाबूच्या वाळूच्या टेकड्या आहेत, समुद्राला लागून. तिथे उघड्या बग्गीत बसवून त्या टेकड्यांवरून फिरवतात. आणि निघताना चालक एकच प्रश्न विचारतो: थरारासकट, की थराराशिवाय? थरारासकट म्हटलं की गाडी उभ्या कड्यावरून खाली सोडतो, उताराला तिरकी घालतो. थराराशिवाय म्हटलं की शहाण्यासारखी चालवतो. बुकिंगच्या फॉर्मवरही तोच प्रश्न होता, प्रत्येक गाडीसाठी निराळा. एका गाडीत चालक सोडून चार माणसं. म्हणजे दोन गाड्या.

बायकोने माऊस धरला. "बोला."

"थराराशिवाय," मामा म्हणाले.

"थराराशिवाय," साडू म्हणाले. "मी झाड बघायला चाललोय."

मेहुणीने दोन्हींचे दर विचारले. मी चपला सांभाळणारा माणूस, मला कोणी विचारलं नाही.

"एक गाडी थरारासकट लिही," मागून मामी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मामी पिशवीतून ओला टॉवेल काढून खुर्चीच्या पाठीवर वाळत घालत होत्या. खोलीत क्लोरीनचा वास पसरला.

"टिळक टँकवर बायकांची बॅच असते दुपारची," त्या म्हणाल्या. "फराळाच्या दुसऱ्या दिवशीच नाव घातलं. आता लांबीच्या लांबी जाते मी. एवढ्या लांब जायचं तर नुसते पाय भिजवून यायचे का? आणि ते लाल केलेलं बेट परत हिरवं कर बाई, बोट लागत नाही मला. माझ्या गाडीत कोण येतंय?"

मामांनी चष्मा पुसला. साडू नकाशात बघत होते. बायकोने एक्सेलमध्ये नवीन रकाना टाकला आणि त्याला 'मामींना विचारा' असं नाव दिलं.

"मामांचं काय?" मेहुणीने विचारलं.

"त्यांना पापडांपाशी बसवा," मामी म्हणाल्या.